जुना मिक्सर: आधी भांडं बघा, मग मोटर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत ओट्याच्या कोपऱ्यात एक जुना मिक्सर असतोच. आईच्या नाहीतर सासूबाईंच्या काळातला, उचलायला जड, रंग उडालेला, पण शेंगाचटणी अशी काढतो की नवीन घ्यायला मन होत नाही. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने ‘सुमीत’ मिक्सर काढला तो आपल्या वाटणांसाठी. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, वाळकी मिरची यांपुढे परदेशी ब्लेंडर दमायचे. पुढे आलेल्या कंपन्यांनीही मांडणी तीच ठेवली. खाली उभी मोटर, तिच्या टोकाला कपलर, म्हणजे भांड्यातलं पातं फिरवणारी दातेरी चकती, आणि वर स्टीलचं भांडं. ती मांडणी आजही चालू आहे, म्हणून तर पंचवीस-तीस वर्षांचा मिक्सरही दुरुस्त होतो. अस्सल कंपनीचा पार्ट मिळाला नाही तरी मापाचा पार्ट मिळतो.

मिक्सर बंद पडला की दुकानात पहिलं वाक्य कानावर येतं, “मोटर गेली.” खरं तर मोटर शेवटी जाते. सुरुवात बहुतेकदा भांड्याच्या बुडातल्या बुशापासून, म्हणजे पात्याची दांडी जिच्यात फिरते त्या धातूच्या नळीपासून होते. बुश झिजला की भांडं गळतं, पाणी कपलरवर उतरतं, तिथून दांड्यावाटे वरच्या बेअरिंगमध्ये शिरतं. बेअरिंग गंजलं की दांडा जड फिरतो, मोटर जास्त करंट खेचते, तापते आणि एक दिवस वायंडिंगचा, म्हणजे मोटरमध्ये गुंडाळलेल्या तारेचा जळका वास येतो. म्हणजे वेळीच बदललेला एक बुश आर्मेचर, मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, वाचवतो. म्हणून तपासणीचा क्रम वरून खाली ठेवायचा. भांडं, कपलर, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे), वायर आणि स्विच, आणि सगळ्यात शेवटी वायंडिंग.

काहीही करण्याआधी पिन बोर्डातून काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बोर्डाचा स्विच कधीकधी न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि स्विच बंद असतानाही मिक्सरच्या आत करंट असतो.

लक्षण काय सांगतं

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा आणि ऐका. भांडं काढून मोटर एक नंबरवर क्षणभर चालवा. भांड्याशिवाय मोटर छान फिरते आणि भांडं ठेवलं की अडते, तर दोष भांड्यात आहे. मोटर फिरते पण पातं जागचं हलत नाही, तर कपलरचे दात गेलेत. नुसती गुणगुण येते आणि दांडा हलत नाही, तर लगेच बंद करा. काहीतरी अडकलंय, अशा वेळी चालू ठेवलेल्या मोटरचं वायंडिंग बघता बघता तापतं. अजिबात आवाज नाही, तर ओव्हरलोड बटण (जादा भार पडला की उडून वीज तोडणारं बुडाचं बटण), वायर, कार्बन या क्रमाने जा. खालच्या फटीतून निळसर ठिणग्या दिसतात आणि जोर कमी झालाय, तर कार्बन संपत आलेत. खडखड येत असेल तर बेअरिंग किंवा सैल कपलर.

वासातही फरक असतो. नवीन कार्बन बसवल्यावर पहिल्या काही मिनिटांत थोडा वास येणं चालतं. पण तारेवरच्या वार्निशचा जळका, नाकाला झोंबणारा वास आला तर मिक्सर पुन्हा सुरू करून “बघूया तरी” करू नका.

भांडं

रिकामं भांडं हातात धरा आणि खालचा छोटा कपलर बोटाने टिचकी मारून फिरवा. पातं सहज दोन-चार फेरे फिरून थांबलं पाहिजे. जागच्या जागी अडलं तर बुशात सुकलेलं वाटण बसलंय. शेंगा, तीळ, कारळे, सुकं खोबरं यांचं तेल बुशात शिरतं, वाळतं आणि चिकट होतं. आपल्याकडे या चटण्या रोजच्या, त्यामुळे हे दुखणंही रोजचं. अशा भांड्यात कडकडीत नव्हे, पण गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून अर्धा तास ठेवा, मग हाताने पातं मागे-पुढे करत मोकळं करा. मोकळं झालं तर त्या दिवशीचं काम संपलं.

आता पातं चिमटीत धरून आडवं हलवून बघा. किंचित हालचाल चालते, पण डोळ्याला दिसेल इतकं डुगडुगत असेल तर बुश झिजलाय. खात्री करायची सोपी रीत म्हणजे रात्री भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी घालून ते कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवायचं. सकाळी कागद ओला दिसला तर बुश किंवा त्याखालचं रबर बदलायचं.

बदलताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो आट्यांवरून. कुठल्या बाजूला फिरवलं की सुटतं? हा नियम लक्षात ठेवा, पाठ केलेल्या “उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल”चा इथे भरवसा नाही. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने पातं किंवा त्यावरची टोपी-नट फिरवली की सुटते. कारण चालताना वाटणाचा रेटा उलट्या बाजूने लागतो, आणि त्या रेट्याने नट घट्ट व्हावा अशीच आट्यांची दिशा ठेवलेली असते. फिरण्याची दिशा माहीत नसेल तर पात्याची धार बघा. धारदार कड ज्या बाजूला पुढे आहे, त्या बाजूला पातं फिरतं.

खालचा कपलर जुन्या फडक्यात गुंडाळून पकडीने धरा, दुसऱ्या हाताने जाड फडकं दुमडून पातं पकडा आणि वरच्या नियमाने फिरवा. हलत नसेल तर बुडाशी गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा. हातोडी मारू नका, स्टीलचं बूड वाकलं की भांडं कायमचं डुगडुगतं. पातं निघालं की दांडी खाली ओढून काढा. दांडीवर नख फिरवून बघा. खाच लागली तर नवीन बुशही त्या दांडीवर लवकर झिजेल, म्हणून अशा वेळी पातं, दांडी, बुश आणि रबर असा पूर्ण सेटच घ्या. दुकानात जाताना जुना सेट आणि भांडं दोन्ही न्या. डोळ्यांना सारखे दिसणारे कपलर दातांच्या संख्येत फसवतात.

काही भांड्यांत बुश खालून मोठ्या नटाने बसवलेला असतो, तो घरी बदलता येतो. काहींत तो दाबून पक्का केलेला असतो, तिथे दुकानदाराच्या प्रेसचं काम. खूप जुन्या भांड्याचा बुश तयार मिळाला नाही तरी बेळगावकरांनी हात टेकायचं कारण नाही. फाउंड्री आणि लेथच्या कामासाठी उद्यमबाग प्रसिद्ध आहे, नमुना दिला की बुश वळवून मिळतो. फक्त धातू कुठला ते सांगा. नेहमीच्या गनमेटलमध्ये बऱ्याचदा शिसं असतं, आणि हा बुश अन्नाच्या शेजारी बसणार आहे. म्हणून फॉस्फर ब्राँझ मागा.

नवीन बुश बसवल्यावर कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. पातं थोडं जड वाटलं तर पाणी घालून एक नंबरवर थोडं थोडं चालवा, बसेल.

कपलर आणि त्याच्याभोवतीची खोबण

मोटरच्या डोक्यावरचा कपलर नायलॉनचा किंवा रबराचा असतो. तो मऊ असतो ते मुद्दाम. पातं अडकलं तर दात त्याचे तुटावेत, मोटरचे हाल होऊ नयेत. म्हणून स्वस्त कपलर वारंवार जातो म्हणून “लोखंडी नाही काय?” असं विचारू नका.

काढताना मोटरचा दांडा खालून धरावा लागतो. बऱ्याच मिक्सरमध्ये दांड्याच्या खालच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरची खाच असते, त्यासाठी बुडाचं झाकण काढावं लागेल. वर कपलर, खाली स्क्रू-ड्रायव्हर, आणि दिशेचा नियम तोच. मोटर फिरते त्या बाजूला कपलर फिरवायचा.

कपलर निघाला की त्याच्याभोवतीची खोबण नीट बघा. तिथे वाळलेल्या तिखटाचा आणि खोबऱ्याचा थर असतो. त्या थराखाली बहुतेक मिक्सरना निचऱ्याचं एक छोटं भोक असतं, सांडलेलं पाणी मोटरवर न जाता बाहेर पडावं म्हणून. ते तिखटाने बुजलं की पाणी दांड्यावाटे आत उतरतं. काडीने भोक मोकळं करा, ओलसर फडक्याने खोबण पुसा, कोरडी करा. मिक्सरच्या अख्ख्या देखभालीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. दर महिन्याला करा.

बुडाचं झाकण उघडताना

मिक्सर उलटा करून टॉवेलवर ठेवा. स्क्रू बऱ्याचदा रबरी पायांच्या आत लपलेले असतात. झाकण निघाल्यावर कशालाही हात लावण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा. कुठल्या रंगाची वायर स्विचच्या कुठल्या टोकाला आहे ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. आतला काळा भुगा म्हणजे कार्बनची आणि मसाल्याची मिसळ. तो मऊ ब्रशने झाडा. जोराची हवा मारली तर तोच भुगा बेअरिंगमध्ये जातो. हा भुगा वीज वाहतो, साठून ओलसर झाला की मिक्सरला हात लावताना मुंग्या येतात. बॉडीला मुंग्या येणारा मिक्सर “थोडा झटका देतो, पण चालतोय” म्हणून वापरणारी घरं मी पाहिलीत. तो तेव्हाच बाजूला ठेवायचा.

कार्बन

मोटरच्या दोन बाजूंना पितळी किंवा प्लॅस्टिकच्या नळीत कार्बनचा एकेक ठोकळा असतो, मागे स्प्रिंग, आणि वर टोपी किंवा पट्टी. हेच कार्बन कम्युटेटरला, म्हणजे दांड्याभोवती बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या गोलाला, घासत वीज पोचवतात, म्हणून झिजणारच. झिजणं हेच त्यांचं काम आहे.

टोपी काढून कार्बन बाहेर काढा. कुठला कुठल्या बाजूचा आणि कुठलं तोंड वर होतं, ते पेन्सिलीने खूण करून ठेवा, कारण तोच परत बसवायचा झाला तर तसाच बसला पाहिजे. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका उरला असेल तर बदला. एकच लहान दिसला तरी दोन्ही बदलायचे. कम्युटेटरला टेकणारं तोंड गुळगुळीत आणि गोलाईदार असावं. खडबडीत, कपचा उडालेलं, जळालेलं असेल तर दोष कम्युटेटरमध्ये शोधा. स्प्रिंग निळसर पडली असेल, तर ती तापून मऊ झालीय. स्प्रिंगसकट कार्बन घ्या.

दुकानात मापं लागतात. जाडी, रुंदी, लांबी. लांबी जास्त असली तर चालते, जाडी-रुंदी जास्त असेल तर कार्बन नळीत अडकतो आणि पुढे सरकत नाही. अगदी थोडा जाड असेल तर बारीक पॉलिशपेपरवर बाजू घासून बसवता येतो. सैल कार्बन मात्र कधीच घेऊ नका, तो नळीत थरथरतो आणि ठिणग्या वाढतात.

नवीन कार्बनचं तोंड सपाट असतं आणि कम्युटेटर गोल. तोंड जुळवण्यासाठी बारीक वाळूच्या पॉलिशपेपरची पट्टी कम्युटेटरभोवती, खरखरीत बाजू कार्बनकडे करून गुंडाळा आणि दांडा हाताने थोडा मागे-पुढे करा. एमरी पेपर इथे नको, त्याचे कण कार्बनमध्ये आणि कम्युटेटरच्या फटीत रुततात. भुगा झाडा, टोप्या बसवा. मग भांडं न ठेवता एक नंबरवर थोडा थोडा वेळ चालवा. ठिणग्या हळूहळू कमी होतील. वर्तुळभर पसरणाऱ्या, न थांबणाऱ्या ठिणग्या असतील तर कार्बनचा दोष नाही, पुढे वाचा.

कम्युटेटर आणि बेअरिंग

दांडा हाताने फिरवत कम्युटेटर बघा. चकचकीत तपकिरी रंग ही चांगली खूण आहे, तो घासून तांब्यासारखा लालसर करायच्या नादाला लागू नका. काळे डाग असतील तर कोरड्या फडक्याने पुसा. कार्बनने तांब्यात खोल खाच पाडली असेल तर लेथवर अगदी हलका हात मारून घ्यावा लागतो आणि नंतर पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली खरवडावा लागतो. हे माहीत असलेल्या माणसाकडेच द्या. एक-दोनच पट्ट्या जळून काळ्या पडल्यात आणि बाकीच्या स्वच्छ आहेत, तर आर्मेचरची तेवढी कॉइल तुटलीय किंवा शॉर्ट झालीय.

दांडा आडवा हलला तर बेअरिंग किंवा बुश गेलाय. खूप जुन्या मिक्सरमध्ये तेल मुरलेला ब्राँझचा बुश असतो आणि त्याभोवती तेलाने भिजवायचं नमद्याचं कडं. त्यावर शिलाई मशीनचं तेल दोन थेंब घाला. खोबरेल तेल नको. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीतली सकाळ त्याहून कितीतरी थंड असते. थिजलेलं, मग जुनं होऊन चिकटलेलं तेल बुशाला जखडून टाकतं. दांडा जड झाला म्हणून अजून खोबरेल घालणारे भेटतात, त्यांना सांगून उपयोग नसतो.

बॉल बेअरिंग असेल तर कडेवरचा नंबर वाचून तोच मागा. उदाहरणार्थ ६०८ नंबर म्हणजे आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७. बेअरिंग काढायला पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं अवजार लागतं, ठोकून काढलं तर दांडा वाकतो. मिक्सरची मोटर रिकामी असताना मिनिटाला हजारो फेरे घेते, एवढ्या वेगात केसाएवढा वाकही जाणवतो. घरी पुलर नसेल तर हे काम दुकानात द्या.

वायर, बटण, स्विच

बुडाशी लाल किंवा काळं ओव्हरलोड बटण असेल तर मिक्सर थंड होऊ द्या, मग दाबा. लगेच दाबलं तर ते टिकत नाही. वाटण कमी करून, थोडं पाणी घालून पुन्हा चालवा. भांड्याशिवायही ते उडत असेल तर मोटरमध्ये दोष आहे. बटण वारंवार उडतं म्हणून मध्ये वायर जोडून ते निकामी करणारे मेकॅनिक असतात, त्यांना मिक्सर देऊ नका. उलट फार जुन्या मिक्सरला हे बटण नसतं, तिथे मोटरच्या वॉटला जुळणारं बटण बसवून घेणं शहाणपणाचं. ५०० वॉटची मोटर २३० व्होल्टवर साधारण सव्वादोन अँपिअर घेते, ७५० वॉटची सव्वातीन.

फक्त तीन नंबरवर चालतो आणि एक नंबरवर नाही, असं झालं की लोक घाबरतात. बऱ्याच मिक्सरमध्ये फील्ड कॉइलमधूनच (मोटरच्या न फिरणाऱ्या वायंडिंगमधून) वेगवेगळे टॅप, म्हणजे मधले जोड काढलेले असतात. एक नंबरला कॉइलचे जास्त फेरे येतात म्हणून मोटर हळू, तीनला कमी फेरे म्हणून वेगात. म्हणजे दोष फिरत्या स्विचमध्ये किंवा त्या जास्तीच्या फेऱ्यांत आहे. आधी स्विच बदलून बघायचा, तो स्वस्त असतो.

वायर बुडातून बाहेर पडते तिथे वाकून वाकून आतून तुटते. हलवली की मिक्सर चालू-बंद होतो, हीच खूण. टेप गुंडाळून चालवू नका. आयएसआय खुणेची तीन तारांची नवीन वायर घ्या, हिरवी तार पत्र्याच्या बॉडीला पक्क्या स्क्रूने जोडा आणि पिन तीन टोकांचीच लावा. जुन्या पत्र्याच्या मिक्सरला दोन टोकांची पिन लावून वर्षानुवर्षं वापरणं हा जिवाशी खेळ आहे. शहापूर, वडगावकडच्या जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं पण मागे अर्थिंगची तारच नसते, तेही वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या. मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच बसवला तर अजून उत्तम.

मल्टिमीटर हातात असेल तर

साधा मल्टिमीटर पुरतो. पिन बोर्डाबाहेरच, मिक्सरचा स्विच तीन नंबरवर. पिनेच्या दोन समोरच्या टोकांत ओम मोजा. चांगल्या मिक्सरला काही ओमपासून तीस-चाळीस ओमपर्यंत काहीतरी आकडा येतो. आकडाच येत नसेल तर वाट कुठेतरी तुटलीय. वायर, ओव्हरलोड, स्विच, कार्बन असं एकेक ओलांडत मोजत जा. आकडा येतो पण दांडा हाताने फिरवताना वेडावाकडा उडतो, तर कार्बन किंवा कम्युटेटर.

मग मल्टिमीटर सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवून पिनेचं एक टोक आणि अर्थचं टोक यांच्यात मोजा. काहीही आकडा न दिसणं सर्वांत चांगलं. एक मेगाओमपेक्षा कमी आला तर मिक्सर वापरायचा नाही. पण लगेच भंगारातही काढायचा नाही. खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळ्यात न वापरता पडून राहिलेल्या मिक्सरच्या वायंडिंगमध्ये दमट हवा मुरते. आतला भुगा झाडून, झाकण उघडं ठेवून, ६० वॉटच्या पिवळ्या बल्बजवळ दिवसभर ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर ओल होती, तसाच राहिला तर इन्सुलेशन गेलंय.

आर्मेचर तपासायचं तर कम्युटेटरच्या शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांत ओम मोजत पूर्ण फेरी मारा. सगळे आकडे जवळपास सारखे हवेत. एखाद्या जोडीत आकडा एकदम वेगळा आला, तर आर्मेचर गेलं. आता “मोटर गेली” म्हणायला हरकत नाही.

दुकानात देताना

मेकॅनिककडे गेलात की नुसती मान डोलावू नका. संभाषण साधारण असं व्हावं:

“काकू, मोटर गेली हो. नवीनच घ्या की.”

“काय गेलंय? आर्मेचर की फील्ड?”

“आर्मेचर.”

“मग काढून दाखवा की. आणि जुनं मला परत द्यायचं हं.”

एवढ्यावर अर्ध्या दुकानांत ‘मोटर’ची ‘कार्बन’ होते.

आर्मेचर खरंच गेलं असेल तर दोन वाटा असतात. तयार आर्मेचर घेणं किंवा जुनंच रिवाइंड करणं, म्हणजे त्यावर नवी तार गुंडाळून घेणं. तयार घेताना दांड्याची लांबी, लोखंडी पट्ट्यांच्या गठ्ठ्याची उंची आणि व्यास, कम्युटेटरच्या पट्ट्यांची संख्या हे सगळं जुळायला हवं, म्हणून जुनं बरोबर न्या. रिवाइंडिंगला देत असाल तर तीन प्रश्न विचारा. तार तांब्याचीच आहे का? वार्निश घालून भट्टीत वाळवणार का? आणि बॅलन्स करून देणार का? वरून रंग तांब्यासारखा असलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही बाजारात असते. टोक चाकूने खरवडलं की आत पांढरी चमक दिसते. बॅलन्स न केलेलं आर्मेचर घरी आणल्यावर मिक्सर ओट्यावर सरकत चालायला लागतो आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग खातो.

तिसरी वाट मला सगळ्यात पटते, विशेषतः बॉडी जाड आणि भांडी उत्तम असतील तर. बेळगावात मारुती गल्ली, गणपत गल्ली, खडे बाजाराच्या बाजूला आणि निपाणीकरांना कोल्हापुरात इलेक्ट्रिकच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा, मिक्सरची आख्खी नवी मोटर मिळते का ते. स्क्रूची भोकं आणि दांड्याची उंची जुळली की जुन्या बॉडीत ती बसते. भांडी तीच, बटण तेच, ओट्यावरची जागाही तीच.

बदलायचाच असेल तर

माझा हिशेब साधा आहे. बुश, कपलर, कार्बन, वायर, स्विच यांपैकी काहीही गेलं तर दुरुस्ती. आर्मेचर गेलं आणि खर्च नव्या मिक्सरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसत असेल, तरीही दुरुस्ती. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही जळालेत, किंवा मोटर बसते ती बॉडीच तडकलीय, तर नवीन घ्या. तडकलेल्या बॉडीत मोटर तिरकी बसते आणि सगळे नवे पार्ट पुन्हा खाते.

नवीन घेताना वॉट म्हणजे ताकद असं धरून चालू नका. वॉट म्हणजे मिक्सर किती वीज घेतो ते. चार माणसांच्या घरात चटणी-वाटणाला ५०० ते ५५० वॉट पुरतात. रोज डोसा-इडलीचं पीठ वाटायचं असेल तर ७५० घ्या, आणि पीठ मोठ्या प्रमाणात लागत असेल तर त्यासाठी दगडी ग्राइंडरच बरा, मिक्सरमध्ये पीठ तापतं. वर्षाचं तिखट मिक्सरमध्ये करायचं नसतं, जुन्यातही नाही आणि नव्यातही नाही. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची डंकावरच न्यावी. लेबलवर ‘३० मिनिटं’ असं रेटिंग दिसलं तर सलग अर्धा तास चालवायचा परवाना मिळाला असं समजू नका. पुस्तिकेत किती मिनिटं चालवून किती थांबायचं ते दिलेलं असतं.

खेड्यात राहत असाल तर व्होल्टेज बघा. शेतातले पंप चालू असताना दाब उतरतो, मोटर मंद होते, तिच्या दांड्यावरचा पंखाही मंद होतो, वाटण मात्र तेवढंच जड राहतं. अशा वेळी मिक्सर चालवला की तो तापतो. दिवे पिवळसर दिसत असतील तर थांबा, किंवा वाटण अर्धं-अर्धं करून घ्या. नव्या मिक्सरलाही हेच लागू.

मिक्सरसाठी भारतीय मानक आयएस ४२५० आहे. आयएसआय खुणेजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की खूण खरी आहे की नुसती छापलेली ते कळतं. दुकानातच तिन्ही वेगांवर रिकामा चालवून बघा. भांडी उचलून बूड दाबून पाहा, पातळ पत्रा लगेच कळतो. छोट्या भांड्यात चमचाभर लसूण पात्याला लागतो का ते विचारा, काही भांड्यांत पातं इतकं वर असतं की थोडी चटणी होतच नाही. आणि एक प्रश्न हमखास विचारा, बुशाचा सेट सुटा मिळतो का, आणि सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळी-कोल्हापूरला जावं लागेल?

जुना मिक्सर भंगारात देण्याआधी त्यातून चांगले कार्बन, बेअरिंग, स्विच, कपलर काढून डब्यात ठेवा. भांड्यांचं बूड नव्या मिक्सरवर बसतंय का तेही बघा, बसलं तर झाकणांसकट ठेवा. तांब्याचं वायंडिंग वेगळं काढून दिलं तर भंगारवाला लोखंडाच्या भावात तोलत नाही. नव्या मिक्सरच्या बिलावर मॉडेल नंबर आणि मिक्सरखालचा सिरियल नंबर दुकानदाराकडून लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.